डोक्यावरचा पदर आणि नंबर एकशे सतरा

परवा फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोललात, आणि प्रश्न मात्र वेगळे होते. थोरलीला जाणून घ्यायचं होतं, की मी पाठवलेल्या फोटोत आजीच्या पदरावरचा नंबर उलटा का आहे. धाकट्याला विचारायचं होतं, की मोठे आजोबा असे कवायतीला उभे असल्यासारखे ताठ का आहेत. मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर सांगायला घेतलं तर तुमची आई मध्येच हसते आणि माझा क्रम चुकतो. क्रम चुकलेला मला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

इथे आदिलाबादकडे, आमच्या गावच्या मोठ्या शाळेत आसपासच्या खेड्यांतून मुली येतात. सातवीपर्यंत शाळा त्यांच्या गावातच असते. पुढची शाळा पाच-सहा किलोमीटरवर, बसची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही, आणि मग एक दिवस बाप म्हणतो, पुरे झालं. मी त्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आठवीच्या वर्गात जून महिन्यात भरलेला बाक दिवाळीनंतर रिकामा झालेला मी दर वर्षी पाहिला आहे. त्या मुलींना सायकली मिळाव्यात म्हणून गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि शाळेच्या शिक्षकांनी मिळून वर्गणीची एक शर्यत ठेवली. शाळेच्या मैदानातून निघायचं, कापसाच्या जिनिंग कारखान्यावरून नार्नूरच्या रस्त्याला लागायचं, अडीच किलोमीटरवर वळायचं आणि परत यायचं. जाहिरातीच्या कागदावर तळाशी एक ओळ होती: साठीच्या पुढची जी बाई हे अंतर एका तासात पूर्ण करील, तिच्या नावाने एक सायकल जास्तीची.

मी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि नाव दिलं. साठीपुढच्या दोघीच होतो. दुसरीचा गुडघा आठ दिवस आधी सुजला आणि तिने माघार घेतली. म्हणजे ती जास्तीची सायकल येणार की नाही हे आता माझ्या एकटीच्या पायांवर होतं.

पळायची सवय मला तुमचे आजोबा गेल्यानंतर लागली. पहाटे जाग यायची आणि घरात दुसऱ्या कपाचं काही काम उरलं नव्हतं. म्हणून तलावाच्या बांधावर चालायला जाऊ लागले. तुमच्या आईने ते जांभळे बूट पाठवले तेव्हा चालण्याचं हळूहळू पळणं झालं. बांधाखाली भाजीचे वाफे आहेत. तिथल्या बायका पालक खुडता खुडता मला ओरडून विचारायच्या, "मास्तरीणबाई, कोन लागलं वो मागं?" मी म्हणायची, "म्हातारपण लागलंय." त्या म्हणायच्या, "मंग पळा पळा, आमच्याकडून बी पळा!" मी रोजची मिनिटं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवत होते. चार महिन्यांनी पाच किलोमीटर मला अठ्ठावन्न मिनिटांत जमू लागले.

आता मोठ्या आजोबांबद्दल. हे नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ते तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे. आमच्या भागात सुनेने भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्याशी सरळ बोलायचं नाही आणि त्यांच्यासमोर आवाज चढवायचा नाही. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, वादविवादाचा कप मिळवलेली मुलगी. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटलं, हे वर्षभर चालेल. ते चव्वेचाळीस वर्षं चाललं. गंमत अशी, की तेही तेवढेच बांधलेले होते. त्यांनाही माझ्याशी सरळ बोलता येत नसे. जाऊबाई, म्हणजे तुमची मोठी आजी, घरात असल्या की निरोप त्यांच्यामार्फत जात. त्या नसल्या तर भासरे भिंतीशी बोलत. ओसरीवर बसून भिंतीकडे पाहत म्हणत, "चहा भेटला असता तं बरं झालं असतं." मी भिंतीआडून कप सरकवत असे. एकदा भिंतीच्या जागी गाय होती. त्यांनी गायीला सांगितलं, की लाईटबिलाची आज शेवटची तारीख आहे, आणि मी शाळेत जाता जाता बिल भरून आले.

त्यांच्यात वाईटपणा नव्हता. तहसिलीत त्यांनी सारी हयात काढली. निजामाच्या वेळचे कागद वाचू शकणारा तिथला तो शेवटचा माणूस. जे जसं आहे ते तसं नोंदवायचं, ही त्यांची रीत. ती रीत मला नेहमीच आवडत आली, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

मी नाव दिल्याचं त्यांच्या कानावर गेलं. जाऊबाई संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काऊन वो बाई, या वयात पळून कुठं जाऊन राह्यली? ते म्हनतात, त्यायले म्हना, पाय मोडला तं दवाखाना आदिलाबादले हाये."

"तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"मी कायले काही म्हनू? मले तं दोन पायऱ्या चढून दम लागते." मग जुडी निवडायला बसल्या आणि थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाल्या, "पळ. पन चप्पल नको घालू, बूट घाल."

रविवार होता, जानेवारीतला. थंडी अशी, की मैदानावर प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. मी साडीच नेसले होते, जराशी आखूड. सलवार घालून पाहिली होती, पण आरशात दुसरीच कोणी दिसली. नंबर मिळाला एकशे सतरा. कागदावर सूचना होती, नंबर समोर, सहज दिसेल असा लावावा. छातीवर नंबर लावून गावातून जायचा मला संकोच वाटला. म्हणून मी पदर पाठीमागून पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचला आणि त्या खोचलेल्या पदरावर, पोटाशी, चार कोपऱ्यांना चार पिना लावून नंबर बसवला. एकदम सरळ. पट्टीने मोजल्यासारखा. स्वतःच्या टापटिपीवर मी खूश होते. चूक तिथेच झाली होती, पण ती मला अर्ध्या तासाने कळायची होती.

सातला शिट्टी झाली. पोरं बाणासारखी सुटली. मी माझ्या चालीने निघाले. दोन्ही बाजूंनी लोक तेलुगूत, मराठीत, हिंदीत ओरडत होते. जिनिंगपाशी रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते. तिथे चार कॉलेजची पोरं हळूच जिनिंगच्या आवारात शिरली, परत येणाऱ्यांची वाट पाहत बसायला. म्हणजे त्यांचं वळणापर्यंत जाणंच वाचलं. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, बाळांनो, हे पकडलं जाणार. पुढे ज्वारीची शेतं लागली. कणसं भरली होती, त्यांच्यावर दव होतं, आणि माझा श्वास ठरलेल्या लयीत चालला होता. दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर. मला इतकं छान वाटत होतं, की मी घड्याळही पाहिलं नाही. वळणाच्या खांबापाशी आले तेव्हा मात्र पाहिलं. माझ्या घड्याळाची तबकडी मी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवते, खडू लागू नये म्हणून लागलेली सवय. सात वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. वेळ हातात होता.

वळणावर एक टेबल होतं. एक कॉलेजची मुलगी वहीत प्रत्येकाचा नंबर क्रमाच्या जागी लिहीत होती. तिच्या शेजारी पाण्याचे कॅन, आणि कॅनशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, मफलर गुंडाळून, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून भासरे बसले होते.

मला कोणी सांगितलं नव्हतं. ते पाण्याच्या गाडीत बसून आले होते.

पुढचं माझ्या हातांनी केलं, मी नाही केलं. डाव्या हाताने खोचलेला पदर उपसला आणि डोक्यावर घेतला. पळता पळताच. चार पिनांनी लावलेला नंबर पदराबरोबर वर गेला आणि कुठेतरी मानेमागे, घडीच्या आत जाऊन बसला. ती मुलगी ओरडली, "अम्मा, नंबर चेप्पंडी! नंबर सांगा!" मला नंबर पाठ होता. पण भासरे चार हातांवर बसले होते, आणि माझा आवाज घशातून वर येईना. मी मान खाली घातली, खांबाला वळसा घातला आणि तशीच पुढे निघून गेले. मुलगी मागून आणखी एकदा ओरडली. तेवढ्यात पाच-सहा जणांचा घोळका आला आणि ती त्यांच्यात गुंतली.

शंभर पावलांनंतर मला कळलं, काय झालं ते. परत जावं का? गेले तर वेळ जाणार. आणि परत जाऊनही त्या खुर्चीसमोर माझं तोंड उघडणार होतं का? तुम्हाला खरं सांगते, अख्ख्या शर्यतीत माझे पाय जड झाले ते तेवढेच. मी, जिने वर्गात एकतीस वर्षं हेच सांगितलं होतं, की मुलींनो, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोला. ज्यांना मी ते सांगत होते त्यांच्यासाठीची सायकल मी दोन शब्दांसाठी घालवून आले होते. डोक्यावरचा पदरही मी काढला नाही. काढायचं सुचलंच नाही.

म्हणून मी उरलेलं एकच काम केलं. पळाले. श्वासाची लय मोडली, तरी पळाले. जिनिंगपाशी पोटात कळ आली, ती मुठीत आवळून पळाले. मैदानाच्या फाटकात जाऊबाई थर्मास घेऊन उभ्या होत्या. त्या जन्मात कधी ओरडल्या नसतील अशा ओरडल्या, "ये वो ये! आली वो आमची!" रेषा ओलांडली तेव्हा सात सत्तावन्न झाले होते.

टेबलापाशी खेळाचे सर होते. तरुण, तेलुगू, कडक माणूस. वळणावरची वही मोटारसायकलवरून आधीच त्यांच्याकडे आली होती. त्यांनी बोट फिरवलं. एकशे सोळा होता, एकशे अठरा होता. मधला नव्हता.

"मॅडम," ते हिंदीत म्हणाले, "वळणावर तुमची नोंद नाही. आत्ताच चार मुलांना बाद केलं मी, जिनिंगमधून आले होते. ज्याची नोंद नाही, त्याला धरता येत नाही. तुमच्यासाठी वेगळा नियम कसा करू?"

"करू नका," मी म्हटलं. "नियम बरोबर आहे. चूक माझी आहे. नंबर पदरात झाकला गेला." का झाकला गेला ते मी सांगितलं नाही. त्यांना ते कळलं असतं असं मला वाटलं नाही.

जाऊबाई मात्र गप्प बसेनात. "अवं मास्तर, ते खोटं बोलनारी बाई नोहे! साऱ्या गावाले इंग्रजी शिकवली तिनं!" सर बिचारे हात जोडून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता, पण वही त्यांनी मिटली नाही आणि त्यात काही लिहिलंही नाही. मला तो मुलगा आवडला. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

तेवढ्यात पाण्याची गाडी मैदानात आली. भासरे काठी टेकत उतरले. मी पदर पुन्हा पुढे ओढला आणि जाऊबाईंच्या मागे सरकले. त्यांनी कोणाकडे न पाहता विचारलं, "काय भानगड हाये?"

जाऊबाईंनी एका दमात सांगितलं. भासऱ्यांनी काठीच्या मुठीवर बोटं वाजवली. मग सरांना म्हणाले, "मास्तर, माही गवाही लिहून घ्या."

"तुम्ही नंबर पाहिला का, साब?"

"नंबर नाई पाहिला. तोंड बी नाई पाहिलं. चव्वेचाळीस वर्सं झाली, म्या त्यायच्या तोंडाकडं पाहिलं नाई. म्हनून तं शिनाख्त, वळख, पक्की हाये." त्यांचा आवाज तहसिलीतला झाला होता. आजूबाजूचे लोक जवळ आले. "माह्यासमोरून शे-दीडशे लोक गेले. कोनी पानी पेलं, कोनी हात हालवला. डोक्स्यावर पदर एकीनंच घेतला. या अख्ख्या जिल्ह्यात मले पाहून पदर घेनारी एकच बाई उरली हाये. आन् तो पदर घेतला डाव्या हातानं, हातात घड्याळ होती, तबकडी आतल्या अंगानं. रोज सकाळी शाळेत जायाच्या वक्ती त्या घड्याळ तशीच पाहत. म्या वळखतो."

मी जाऊबाईंच्या खांद्याआड उभी होते. त्या घड्याळाकडे कोणी पाहत असेल असं मला चव्वेचाळीस वर्षांत वाटलं नव्हतं.

सर म्हणाले, "साब, तुमचं खरं असेल. पण तुम्ही घरचे. लिखापढी काही?"

भासऱ्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं, म्हणजे पदराच्या कडेतून जेवढं दिसलं तेवढं. त्यांनी कोटाच्या खिशातून छोटी डायरी काढली. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ती डायरी सुटलेली नाही. तिच्यात कोणत्या दिवशी किती पाऊस, कोणाच्या घरी कोण आलं, सगळं असतं. त्यांनी पान उघडून सरांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे दाखवू नका आत्ताच. आधी त्यायले इचारा, वळनावर घड्याळीत किती वाजले व्हते."

सर माझ्याकडे वळले. सगळेच वळले. "मॅडम?"

भासरे दोन हातांवर. वळणावर चार हातांवर होते, तेव्हाही माझं तोंड उघडलं नव्हतं. मग मला आठवीच्या वर्गातला तो रिकामा बाक डोळ्यांसमोर दिसला, खिडकीजवळचा, आणि मी बोलले. वर्गात बोलते त्या आवाजात, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

"सात वाजून एकोणतीस मिनिटं."

सरांनी डायरीत पाहिलं आणि मग ती सगळ्यांना दिसेल अशी वळवून धरली. जाड पेन्सिलीने दोन ओळी होत्या. पहिली: "वळण, नार्नूर रोड. हवा थंड." दुसरी: "७.२९. घरची सून. दम चांगला."

सरांनी वहीत एकशे सोळा आणि एकशे अठरा यांच्या मध्ये बारीक अक्षरात एकशे सतरा लिहिलं, पुढे लिहिलं "साक्षीने", आणि भासऱ्यांची सही घेतली. सही करताना त्यांनी चष्मा लावला, तारीख घातली, खाली दोन रेघा मारल्या. निर्मल गावच्या खेळण्यांसारखं रंगवलेलं लाकडी मेडल माझ्या हातात आलं. त्यावर एक हिरवा पोपट आहे. तुम्ही याल तेव्हा पाहालच.

मग फोटोवाला पुढे आला. म्हणाला, आजीबाई आणि साक्षीदार बाबा, दोघं उभे राहा. आम्ही उभे राहिलो, मध्ये एक हात अंतर. मी डोक्यावर पदर तसाच धरून. फोटोवाला म्हणाला, "नंबर दिसत नाही."

आणि भासरे बोलले. जाऊबाईंना नाही, भिंतीला नाही. तिथे भिंत नव्हतीच. समोर बघत, ताठ उभे राहून, पण मला.

"सूनबाई, पदर खाली घ्या. नंबर दिसू द्या."

माझे हात हलेनात. जाऊबाईंनीच मागून येऊन पदर खाली ओढला, घाईघाईत मुरगळून पुढे आणला, आणि नंबर उलटा झाला. मी, जिने चार पिना मोजून लावल्या होत्या, तो सरळ केला नाही. फोटोवाल्याने बटण दाबलं. थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर हे. आणि मोठे आजोबा ताठ आहेत ते फोटोसाठी नाहीत. नुकतंच एवढं मोठं वाक्य बोलून झाल्यावर माणूस तसाच उभा राहतो.

सायकली पंधरा दिवसांनी वाटल्या. जास्तीची जिला मिळाली ती आठवीतली आहे, नार्नूर रस्त्यावरच्या एका खेड्यातली. सकाळी मी बांधावर असते तेव्हा ती खालच्या रस्त्याने जाते. घंटी दोनदा वाजवते. तिला माहीत नाही मी कोण, तिला फक्त बांधावर पळणारी म्हातारी दिसते, आणि मला तेच ठीक वाटतं. आता मार्च संपत आला आहे. ती अजून येते आहे.

चव्वेचाळीस वर्षांचं एका दिवसात संपतं असं मात्र समजू नका. मागच्या आठवड्यात भासरे आले. जाऊबाई सोबत नव्हत्या. मी सवयीने पदर घेतला, ते सवयीने ओसरीवर बसले. मग भिंतीला म्हणाले, "पुढच्या सालचं पळनं कवा हाये म्हनते?"

मी भिंतीआड गेले नाही. कप घेऊन बाहेर आले, त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "जानेवारीतच आहे. तुम्हाला वळणावर बसायचं आहे ना?"

त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. पण डायरी काढली.